फीवाढीची तिरडी

आमच्या सासऱ्यांना तिरडी बांधायला सगळ्या नारपोलीतून बोलावणं यायचं. तो त्यांचा धंदा नव्हता. पैसे सोडाच, मयताच्या घरचा चहासुद्धा ते घेत नसत. पण हातच तसा होता. दोन लांब बांबू, मध्ये आडव्या कामट्या, वर पेंढा, आणि काथ्याच्या गाठी अशा की खड्ड्यातून नेली तरी तिरडी कुरकुरायची नाही. आमच्याकडे रस्ता म्हणजे खड्डेच, तेव्हा हे काही थोडं कौतुक नव्हतं. कुणी गेलं की घरचा माणूस आधी आमच्या दारात यायचा आणि मग डॉक्टरकडे दाखल्याला जायचा.

आळीतली आजारी माणसं मात्र सासऱ्यांना घाबरत. कुणाला ताप आला की ते विचारपूस करायला जायचे, खाटेपाशी उभे राहायचे आणि माणसाला डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघून घ्यायचे. त्यांच्या मनात काही नसेल, पण त्यांची नजरच मापं घेणारी. समोरच्या घरातला कापडाच्या लूमवर काम करणारा एक जण तापाने पडला होता. सासरे येऊन बघून गेले तसा तो उठला, तोंड धुतलं आणि ड्युटीवर गेला.

हे सगळं मी लिहून ठेवते आहे, कारण सांगायचं म्हटलं तर चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. लहानपणापासून तसंच. चौथीपर्यंत शाळेत होते, तेव्हा गुरुजी हजेरी घेताना मी 'हजर' इतकं हळू म्हणायची की वर्षभर माझी गैरहजेरी लागली. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही, ते बरं असतं.

माझी मुलगी माझ्यावर गेली नाही. ती बोलणारी. आमच्या घरातली कॉलेजला जाणारी ती पहिली. बारावीनंतर सायन्सला गेली, पहिलं वर्ष चांगल्या मार्कांनी पास झाली आणि दुसऱ्या वर्षाचे पैसे भरायच्या वेळी विद्यापीठाचा कागद आला की फी वाढली. शिकवायची फी वाढली, प्रयोगशाळेची वाढली, परीक्षेची वाढली. ज्या जिमखान्याचं दार तिने कधी बघितलं नव्हतं त्याचीही वाढली.

पैसे नव्हते असं नाही. आमचे हे कपड्याचे ताके वाहायचा टेम्पो चालवत, आणि मागच्या गाळ्यात लूम लावलेले होते त्याचं भाडं सासऱ्यांच्या हातात यायचं. पण सासऱ्यांना निमित्त हवंच होतं. अंबाडी नाक्यावर हार्डवेअरचं दुकान असलेल्या माणसांकडून मुलीला मागणं आलं होतं. सासऱ्यांनी जेवताना सांगून टाकलं की वाढीव फी भरायची नाही. विद्यापीठाने ती मागे घेतली तर पोरगी शिकेल, नाहीतर घरी बसेल, आणि पुढच्या रविवारी अंबाडीची माणसं बघायला येतील.

मुलीने ताट सारलं नाही की रडली नाही. म्हणाली, "आजा, शब्द दिलात ना? फीवाढ गेली तर मी शिकणार."

"दिला," सासरे म्हणाले. विद्यापीठ काही त्यांच्या नातीला विचारून फी ठरवत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

मी भाकरी थापत होते. एक जळली. मला काय वाटतं ते कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी भाकरीकडेच बघितलं असतं. पण पोरीने शिकावं, एवढं एकच त्या दिवसांत माझ्या मनात होतं.

कॉलेजची मुलं तोवर पेटली होती. पेटली म्हणजे आधी त्यांनी निवेदन दिलं. मग काळ्या फिती लावल्या. त्या माझ्या जुन्या काळ्या परकराच्या होत्या आणि धुतल्यावर रंग जायचा, त्यामुळे निम्म्या मुलांचे दंड काळे झाले. मग गेटवर घोषणा दिल्या. त्यांचा पुढारी म्हणजे एक उंच, हडकुळा मुलगा. तो घोषणेची पहिली ओळ म्हणायचा आणि दुसरी विसरायचा. बाकीच्यांना फक्त दुसरीच पाठ होती. दोन ओळींची गाठ पडेपर्यंत गेटसमोरचा वडापाववाला कंटाळून मुलांच्या आधी पुढची ओळ म्हणून टाकायचा. कॉलेजने सांगितलं की फी विद्यापीठ ठरवतं, आमच्या हातात काही नाही. विद्यापीठ इथून लांब होतं, तिथवर आवाज जायचा नाही.

तेव्हा मुलांनी ठरवलं की फीवाढीची अंत्ययात्रा काढायची. पेपरवाल्यांना सांगितलं, पोलिसांची परवानगी काढली. दिवस ठरला गुरुवार, सकाळी अकराला. पेंढ्याचा बाहुला करायचा, वर 'फीवाढ' असं लिहायचं, तिरडीवरून कॉलेजपर्यंत न्यायचा आणि गेटवर जाळायचा. तिरडी बांधायला कॉलेजने आवार दिलं नाही. माझ्या लेकीने सांगितलं, आमच्या अंगणात या. बुधवारी दुपारी सासरे नाक्यावर पत्ते खेळायला जातात आणि संध्याकाळपर्यंत येत नाहीत. सासूबाईही बाजारात गेलेल्या.

आठ-दहा मुलं-मुली आली. बांबू पडवीत होतेच. सासऱ्यांचे दोन बांबू तिथे कायम असायचे, सासूबाई त्यावरून कायम भांडायच्या. मुलांनी भरभर कामट्या टाकल्या आणि पायजम्याच्या नाड्यांना मारतात तशा गाठी मारून तिरडी उभी केली. मी सरबत नेऊन दिलं आणि दाराआड उभी राहिले. 

आणि त्या दिवशी पत्त्यांना चौथा गडी आला नाही. सासरे लवकर परतले.

अंगणाच्या तोंडाशीच ते थांबले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, ही त्यांची पद्धत. हलक्या आवाजात विचारलं, "कोन गेलं?"

पुढारी मुलगा चाचरत म्हणाला, "फीवाढ, आजोबा."

"आं?"

माझ्या लेकीने सगळं सांगितलं. मला वाटलं आता हे बांबू हिच्या पाठीत बसणार. सासऱ्यांनी टोपी पुन्हा घातली. घरात आले, माझ्याकडे पाणी मागितलं आणि प्यायले. मग दारातून बाहेर बघत उभे राहिले. फीवाढीशी त्यांचं काही नव्हतं, उलट ती राहिली तर त्यांचंच म्हणणं खरं होणार होतं. पण नजर त्या नाड्यांवरून हटत नव्हती. एक कामटी तिरकी होती. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"सोडा ती," बाहेर जाऊन म्हणाले. "मेलेला कोनी बी असू दे, तिरडी तिरडीवानी पायजे. माझ्या दारातनं असली खाट जाणार न्हाय."

मग ते बसले. काथ्या आणायला लावला, पेंढा सारखा करून घेतला, बाहुल्याला पांढरं धोतर गुंडाळून असा बांधला की पेंढ्याला अवयव आल्यासारखे वाटायला लागले. मुलं हरखून बघत होती. एका मुलीने हळद-कुंकू लावायचं का विचारलं, तर सासरे विचारात पडले. फीवाढ ही बाई धरली तर सवाष्ण की विधवा? पुढारी म्हणाला, तिचा नवरा म्हणजे विद्यापीठ, ते तर जिवंत आहे. सासऱ्यांनी मान हलवली आणि कुंकू लावायला सांगितलं. नवऱ्याच्या आधी जाणं चांगलं, नशीबवान.

तिरडी झाली. मुलं म्हणाली, थँक्यू आजोबा, आता ही मागे झाकून ठेवतो, उद्या अकराला काढू.

सासरे म्हणाले, "बांधलेली तिरडी दारात रात काढत न्हाय. आता बांधली, आता उचलायची."

मुलांनी समजावलं. परवानगी उद्याची आहे, पेपरवाले उद्या येणार, निम्मी पोरं आज घरी गेलेली आहेत. सासरे म्हणाले, मयत कुणाच्या परवानगीने निघत नाही. या घरात माझी सून हाय, नात हाय, रात्रभर हे दारात ठेवून कुणाचं वाईट व्हावं असं तुमच्या मनात असेल तर तसं सांगा.  मुलं तिरडी उचलायला वाकली.

"मडकं?" सासरे म्हणाले.

विस्तवाचं मडकं धरून तिरडीपुढे चालायला माणूस लागतो. सासऱ्यांनी एकेका मुलाला विचारलं. ज्याचा बाप जिवंत आहे त्याने मडकं धरू नये, असं आमच्यात मानतात. सगळ्या मुलांचे बाप जिवंत होते. एकाचा लूमचा मालक होता, एकाचा एसटीत होता, पण होते सगळे ठणठणीत. तिथे बाप नसलेला पुरुष एकच होता, तो म्हणजे आमचे सासरे. त्यांनी डोळे मिटले, मला चुलीतले निखारे आणायला सांगितले आणि मडकं स्वतः हातात घेतलं.

अशी आमच्या दारातून फीवाढ निघाली. मुलीही मागून निघाल्या. मयतामागे बायका जात नाहीत, पण मडकं घेतलेल्या माणसाने मागे वळून बघायचं नसतं, त्यामुळे सासऱ्यांना ते दिसलं नाही.

पुढचं मी लेकीकडून ऐकलं. बाहेर लोडशेडिंग होतं. लूम बंद, त्यामुळे सगळे कामगार गाळ्यांच्या ओट्यांवर वारा खात बसलेले. सासरे मडकं घेऊन पुढे म्हटल्यावर कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. सगळे उठून उभे राहिले. मयताला खांदा देणं पुण्याचं, हिंदूंचं असो की मुसलमानांचं. लुंगी सावरत माणसं पुढे आली आणि त्यांनी मुलांच्या खांद्यावरची तिरडी आपल्या खांद्यावर घेतली. पुढारी सांगत होता, "भाईसाब, ये असली नहीं है." एका म्हाताऱ्या कामगाराने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "सब्र करो बेटा, पहले-पहले यकीन नहीं होता." मग तोच शेजारच्याला हळूच म्हणाला की तिरडी फारच हलकी आहे, आजारात बेचारा अगदी सुकून गेला असणार. दुकानांची शटरं अर्धी खाली आली. नाक्यावर ज्या हवालदाराने विनापरवाना मोर्चा अडवायचा, त्याने टोपी काढली आणि ट्रक थांबवून वाट करून दिली.

तिथेच आमचे हे टेम्पो घेऊन अडकलेले. मयत दिसलं म्हणून उतरले, हात जोडले, आणि बघतात तर पुढे मडकं घेऊन आपलेच बाप. बापाने मडकं धरलंय, घरात म्हातारी एकच. ह्यांनी तिथेच हंबरडा फोडला. "बाबा, आय कशी गेली?" सासऱ्यांना मागेही बघता येईना आणि मडकं घेतल्यावर बोलतही नाहीत. ते मान हलवत चालत राहिले. हे रडत मागून. लेक सांगत होती, पप्पा, आजी नाही, फीवाढ आहे. पण रडणाऱ्या माणसाला फीवाढ लगेच समजत नाही.

इकडे घरी माझी वेगळीच गत. तिरडी निघालेली बघून आळीतल्या बायका पदर डोळ्याला लावून आल्या. कोण गेलं असं विचारायची रीत नाही, आपण बघून ओळखायचं. त्यांनी घरात बघितलं, सासूबाई नाहीत. एकीने मला मिठी मारली आणि सूर लावला. मी मान हलवून नाही नाही सांगत होते. तिला वाटलं माझं मन ते मानत नाही. तिने मिठी आणखी घट्ट केली. माझ्या तोंडून दोन शब्द फुटले असते तर सगळं मिटलं असतं, पण आठ-दहा बायका रडताना मला कुठले शब्द! उलट मलाच रडू यायला लागलं. सासूबाई किती चांगल्या होत्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं एकेक सुरू झालं. जी शेजारीण नळावरून त्यांच्याशी गेले वर्षभर बोलत नव्हती, तीच सगळ्यांत मोठ्याने रडत होती.

सासूबाई मेथीची जुडी घेऊन अंगणात आल्या तेव्हा त्यांचं कौतुक चालू होतं. त्या दारात थांबून ऐकत राहिल्या. मला त्या दिसल्या, बाकीच्यांची पाठ होती. सासूबाईंनी मला बोटाने गप्प राहायची खूण केली. बरंच ऐकून झाल्यावर त्या नळावाल्या शेजारणीला म्हणाल्या, "आता बोलतेस व्हय? जिती होते तवा तोंड शिवलं होतं का तुझं?"

पुढचं लिहिण्यासारखं नाही. एकीला चक्कर आली, तिला कांदा हुंगवला.

कॉलेजवर यात्रा पोचली तेव्हा प्राचार्य गाडीत बसत होते. इतकी माणसं, खरं रडणारा एक माणूस, मडकं घेतलेला म्हातारा. ते उतरले, चपला काढल्या, तिरडीपुढे मान खाली घालून उभे राहिले. शिपायाने कुंडीतलं फूल आणून दिलं, ते त्यांनी वाहिलं. मग फूल ठेवताना त्यांना कापडावरचा कागद दिसला, 'फीवाढ'. ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. आता रागवावं तर आपणच फूल वाहिलेलं. सरळ होऊन म्हणाले, "दुःख आम्हालाही आहे," आणि गाडीत बसून गेले. मुलांनी नंतर याच वाक्याचा मोठा फलक केला.

मुलांना गेटवर जाळायचं होतं. सासऱ्यांनी हाताने नको केलं. माणूस शाळेच्या दारात जाळतात का? खाडीकडच्या स्मशानात न्यायचं. तिथे वही घेऊन बसलेला माणूस सासऱ्यांच्या चांगल्या ओळखीचा. त्याने नाव विचारलं, ते मुलांनी सांगितलं. तो हसला नाही, दिवसभर तिथे बसणाऱ्या माणसाला हसायची सवय राहत नसावी. त्याने वय विचारलं. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. फीवाढ जूनमध्ये आली होती, तेव्हा ऑगस्ट होता.

"दोन महिने," माझी लेक म्हणाली.

त्याने पेन खाली ठेवलं. "मग लाकडं कशाला मागता? एवढ्या लहानाला जाळत नाहीत, पुरतात."

 नियम खरा होता. एवढा सोहळा करून फीवाढ खाडीच्या कडेला पुरावी लागली.

संध्याकाळी सगळी आमच्या अंगणात परत आली. आमचे हे आले ते थेट सासूबाईंच्या पायाशी बसले आणि त्यांचा पदर धरून ठेवला, लहान मूल धरतं तसा. त्या म्हणाल्या, सोड, मेथी निवडायची हाय. पण मेथी निवडायची वेळच आली नाही. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून अन्न येतं. बायकांनी दुपारीच पीठ मळून ठेवलेलं. कुणी मेलं नाही म्हणून केलेलं अन्न परत नेता येत नाही. पातेली भरभरून पिठलं आणि टोपल्या भरून भाकऱ्या आल्या. कॉलेजच्या मुलांनी अंगणात पंगत मांडली. पुढारी एकटा पाच भाकऱ्या खाऊन म्हणाला, आंदोलन यशस्वी झालं.

चार दिवसांनी रविवार. अंबाडीची माणसं बघायला यायची ती आली, पण नारळ-पेढे घेऊन नाही. पांढरे कपडे घालून, मान खाली घालून आली. बातमी वाडा रस्त्याने त्यांच्यापर्यंत पोचली होती. ओटीवर बसली. मुलाचे काका एकेकाकडे बघत मोजत होते. सासरे आहेत, सासूबाई आहेत, मुलगा आहे, सून आहे, नात तर समोरच. मग गेलं कोण? विचारायची सोय नाही. सासऱ्यांनाही सांगायची सोय नाही. मी पेंढ्याच्या बाहुल्यासाठी मडकं घेऊन खाडीपर्यंत गेलो, हे व्याह्यांना कसं सांगायचं?

"अचानकच झालं," काका म्हणाले.

"व्हय," सासरे म्हणाले.

"लहान होतं म्हणे."

"दोन म्हैन्याचं."

काका माझ्याकडे बघायला लागले. मग लेकीकडे बघून घाईने त्यांनी नजर वळवली. मी आत पळाले. घटकाभर बसून ती माणसं 'येतो' न म्हणता उठली, कारण मयताच्या घरून तसंच उठतात. उंबऱ्याबाहेर काका एवढंच म्हणाले की आता वर्षभर तरी या घरात शुभ बोलणं बरं दिसणार नाही.

सासऱ्यांना अंबाडीला निरोप पाठवायचा होता की कुणी गेलं नाही, परत या. सासूबाई सुपात तांदूळ घेऊन बसलेल्या. वर न बघता म्हणाल्या, "मडकं तू धरलंस. पिठलं-भाकर तू खाल्लीस. आता कोनी मेलं न्हाय म्हनशील, तर लोक इचारतील, म्हातारा येडा झाला काय?" निरोप गेला नाही. त्या हे रीत म्हणून बोलल्या की नातीसाठी, ते मला अजून कळलेलं नाही. सुपातले खडे मात्र त्या नेहमीपेक्षा सावकाश निवडत होत्या.

फीचं मात्र तसंच होतं. शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी कॉलेजच्या फळ्यावर लागलं की वाढीव फी कायम, फक्त दोन हप्त्यांत भरता येईल. लेक घरी येऊन कोपऱ्यात बसली. सासऱ्यांनी दिलेला शब्द तिला पाठ होता. फीवाढ गेली तर शिकायचं होतं, आणि फीवाढ गेली नव्हती. तिने एकदाही सासऱ्यांकडे बघितलं नाही. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि बसूनच राहिले. चूल उशिरा पेटली. 

पण बातमी नाक्यावर सासऱ्यांच्या आधी पोचली होती. ते पत्त्याला बसले तर समोरचा म्हणाला, "आजा, तुमचं मयत उठलं म्हनं." दुसरा म्हणाला, पुरलं होतं ना, पावसात उगवलं असेल. तिसऱ्याने तर हद्द केली. त्याच्या घरी आई बरीच आजारी होती. तो म्हणाला, आजा, आईच्या वेळेला जरा गाठी घट्ट मारा, नाहीतर म्हातारी परत येईल.

सासरे हातातली पानं तशीच टाकून घरी आले. इतकी वर्षं ज्याच्या गाठीला कुणी बोट लावलं नव्हतं, त्याला आता पोरंटोरं हसत होती. रात्री जेवले नाहीत. सकाळी कडक धोतर नेसले, टोपी घातली, कपाटातून भाड्याचे पैसे काढले आणि लेकीला म्हणाले, चल. ती कुठे म्हणून विचारत होती, तोवर ते आळीच्या टोकाला पोचलेसुद्धा.

लेकीने सांगितलं की खिडकीवरच्या क्लार्कने त्यांना ओळखलं. त्या दिवशी तोही हात जोडून उभा होता. सासऱ्यांनी पैसे ठेवले आणि त्याला हळूच बजावलं की पावती पोरीच्या हातात दे, मला दाखवू नको, आणि आकडा मोठ्याने म्हणू नको. त्याने तसंच केलं. मग सासरे तिथून नीट नाक्यावर गेले आणि चहाच्या टपरीवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नातीची फी भरून आलो. जुनीच हाय. वाढ मेली ती. मी पोचवलेलं आजपातुर कोनी परत आलं न्हाय."

घरात आम्हा सगळ्यांना ताकीद मिळाली की कुणी विचारलं तर हेच सांगायचं. मला काही अवघड गेलं नाही, मला कुणी विचारत नाही.

त्यांच्या शब्दावर शेजारच्या रिक्षावाल्यानेही आपल्या मुलीचं नाव घातलं. तिची बारावी होऊन ती घरी बसली होती. तो खिडकीवर गेला आणि खरा आकडा ऐकून तसाच परत आमच्या दारात आला. सासरे ओटीवर होते. त्याने विचारलं, आजा, तुम्ही तर म्हणालात मेली. सासऱ्यांनी त्याला जवळ बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, पूर्ण आकडा पाहू नको, पहिला हप्ता भर. हप्त्यात काय समजतंय? कमी पडले तर माझ्याकडून घे, पण नाक्यावर बोलू नको. त्याने चहा संपवला आणि जाऊन हप्ता भरून आला. आता सकाळी दोघी मुली एकत्र जायला लागल्या.

एका संध्याकाळी लेक ओटीवर प्रयोगाची वही काढत बसली होती. सासरे पान लावत होते. मी दारात उभी होते. तिने मान वर न करता विचारलं, "आजा, खरं सांगा. मेली का ती?"

सासऱ्यांनी चुना लावला, कात घातला, सुपारी टाकली.

"उद्या कॉलेजला जाणार हायेस ना?"

"जाणार ना. प्रॅक्टिकल आहे."

"मंग मेली," ते म्हणाले, आणि पान तोंडात घातलं.